दीडचा भोंगा

पांढुर्णा
रविवार, १७ मार्च १९८५

गुणवंत यांस,

तुमच्या चिवराला उद्देशून ‘वंदामि’ लिहिलं आणि दोनदा खोडलं. सतरा वर्षं ज्यांचा डबा बांधून दिला, त्यांना ते लिहिताना हात अडतो. म्हणून नुसतं जयभीम.

पत्र मिळालं, सोबतचे दोन छापील कागदही मिळाले. वैशाख पौर्णिमेला तुम्हाला कायमची दीक्षा घ्यायची आहे आणि त्यासाठी ‘आमची हरकत नाही’ म्हणून आईचा अंगठा व पत्नीची सही भन्तेजींना हवी आहे, हे समजलं. डिसेंबरात तुम्ही दहा दिवसांच्या शिबिराला म्हणून निघालात, तेव्हा मी दहा दिवसांचेच कपडे घातले होते पिशवीत. आता कपड्यांची चिंता उरली नाही असं तुम्ही लिहिता. ते थट्टेनं लिहिलं असावं असं मी धरून चालते.

परवा तिगावला आईंकडे जाऊन आले. त्यांना कागद वाचून दाखवला. त्यांनी अंगठा दिलेला नाही. वय झालं आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना घाई करू नये असं मला वाटतं. आणि त्यांच्या आधी मी सही करणं बरं दिसणार नाही. तेव्हा थांबा थोडं.

तुमच्या चार पानांत चित्ताची शांती सहा वेळा आली आहे. मी मोजली. मास्तरीण आहे, सवय जात नाही. चंद्रकलाबद्दल मात्र एक ओळ नाही. श्रावण कापसाच्या जिनमध्ये यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला, त्याला या जानेवारीत दोन वर्षं झाली. तिथे तुम्ही दोघं एकाच पाळीत होता, तुम्ही वर मोटरच्या बटणापाशी आणि तो यंत्रांखालच्या बोगद्यात, तेलाची बुधली घेऊन. त्याची बायको आपल्यापासून चार घरं सोडून राहते. ती कशी आहे एवढं तरी विचारायचं.

ती बरी आहे. मुलगी वंदना अठराची झाली. सौंसरचं एक स्थळ पाहून गेलं.

शाळा सकाळची असल्यामुळे मी बाराला मोकळी होते. प्रकृती ठीक.

प्रमिला

—

पांढुर्णा
३१ मार्च १९८५

गुणवंत यांस,

कवडूजींनी तुम्हाला कळवलं तर. विहार समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना ते कर्तव्य वाटलं असणार. ‘तू चंद्रकलाच्या घरी बायका जमवून हे काय सुरू केलंस, आपण इतकी वर्षं ज्याला अंधश्रद्धा म्हणत आलो तेच की काय,’ असं तुम्ही विचारता. प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

श्रावण गेल्यानंतरचा पहिला हंगाम. नोव्हेंबरात जिन सुरू झाली. मी चंद्रकलाकडे चाळणी मागायला गेले होते. ती तांदूळ निवडत होती. दीडचा भोंगा झाला. जेवणाची सुट्टी संपल्याचा तो भोंगा, तुम्हाला सांगायला नको. तिचा हात सुपाच्या काठावर होता तिथेच राहिला. चेहरा असा झाला की मी चाळणी विसरले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, असं मी त्या दिवशीच्या वहीत लिहिलं आहे. भोंगा थांबला, पट्ट्यांची घरघर सुरू झाली, तेव्हा ती म्हणाली, “बाई, उद्या येसान काय?”

दुसऱ्या दिवशी गेले. रोज जाऊ लागले. यात ठरवलेलं काहीच नाही.

पुढे नाल्यापलीकडच्या मळ्यातली कलाबाई भाजी विकत यायची, ती एकदा टोपलं उतरवून बसली. कुणब्याची बाई आपल्या वस्तीत बसते म्हणून दोन्हीकडे कुजबुज झाली. पहिला महिना ती स्वतःचा पेला घेऊन यायची. मग एकदा पेला विसरली, तहान लागली, चंद्रकलाच्या माठातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, “काही झालं नाई बाप्पा, पानीच हाये.” ती दर शनिवारी जामसांवलीला मारुतीला जाते. मी तिला विचारलं, तुमचा देव आहे, मग इथे काय मिळतं? ती म्हणाली, “देवळात गेली का मांगनं सुटत नाई माह्यं. हे दे, थे दे. इथं मांगाले समोर कोनी बसलंच नाई. तेवढाच इसावा.”

आता आम्ही सात जणी असतो. सव्वा वाजता येतो, भिंतीला टेकून बसतो. भोंगा चाळीस सेकंद वाजतो. सुरुवातीला तो कानात असतो. मग छातीत. मग कुठून येतो ते कळेनासं होतं, आणि चंद्रकलाचा श्वास कोणता, कलाबाईचा कोणता, माझा कोणता हेही कळेनासं होतं. जिच्यावर जे ओढवलं आहे ते त्या चाळीस सेकंदांत तिच्या एकटीचं राहत नाही. संपलं की सगळ्या उठतात, कोणी धुण्याला जाते, कोणी शेतात. मी घरी येऊन वह्या तपासते आणि बराच वेळ वाटत राहतं, की मी माझ्यापेक्षा मोठ्या कशात तरी जाऊन आले.

हे लिहिताना मला लाज वाटते. मी कशापुढे हात जोडत नाही हे सांगण्यात माझी सगळी तरुणाई गेली. आजही जोडत नाही. पण हात न जोडणं पुरतं, असं मात्र आता म्हणवत नाही.

आईंचा अंगठा अजून नाही.

प्रमिला

—

पांढुर्णा
११ एप्रिल १९८५

गुणवंत यांस,

आईंनी अंगठा पहिल्याच दिवशी दिला होता. तो कागद गेले चार आठवडे माझ्या पेटीत, पातळांच्या खाली आहे. दोन पत्रांत मी खोटं लिहिलं.

त्या दिवशी मी वाचून दाखवलं आणि त्यांनी लगेच हात पुढे केला. म्हणाल्या, “त्याले जन्म देल्ला तवा त्याले कुठं इचारलं होतं? आता तो इचारून राहिला, नाई कशी म्हनू?” मी म्हटलं, आई, पुन्हा विचार करा, तो परत यायचा नाही. त्या म्हणाल्या, “छप्पन साली मी घरचे देव लुगड्यात बांधले आन् जाम नदीत सोडले. सासरा शिव्या देऊन राहिला होता काठावर. मले भेव नाई वाटलं, कारन मले उमजलं होतं. हा उमजून चालला का भेव खाऊन चालला, थे तू पाय. मले आता दिसत नाई.”

तुम्हाला ‘नाही’ मला म्हणायचं होतं आणि ते मी त्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडून म्हणवून घेतलं. कागद पुढच्या पत्रासोबत पाठवते.

असं लिहिलं खरं, पण या पत्रासोबतही पाठवता आला असता. तरी मी पाठवत नाही.

प्रमिला

—

पांढुर्णा
१५ एप्रिल १९८५

गुणवंत यांस,

काल जयंतीची मिरवणूक झाली. त्यानंतर शाळेच्या ओट्यावर कवडूजी आणि आमचे निवृत्त हेडमास्तर रघुनाथराव मला एकत्र भेटले. दोघं एकमेकांशी सहसा बोलत नाहीत, माझ्या बाबतीत मात्र दोघांना बोलायचं होतं.

कवडूजी म्हणाले, “बाई, बसाले कोनाची ना नाई. पन पयले त्रिशरन म्हना, मंग बसा. उद्या लोकं म्हनतीन, बौद्धाइच्या घरी अंगात येऊन राहिलं.”

“कोणाच्या अंगात काही येत नाही कवडूजी. आहे तेवढंच पुष्कळ आहे.”

“बरं, मंग याचं नाव काय?”

“नाव नाही.”

“नाव नाई त पत्रिकेत काय छापाचं?”

रघुनाथरावांना हसू आलं. ते विडी पेटवत म्हणाले, “प्रमिलाताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही विज्ञान मंडळाच्या चिटणीस होतात. भोंगा म्हणजे एक मोटर आणि पत्र्याचा कर्णा. चाळीस सेकंदांचा देव! तेवढ्यात माझी विडी पेटत नाही.”

“मोटरच आहे सर. त्यात दुसरं काही आहे असं आमच्यापैकी कोणी म्हणालं नाही.”

“आज म्हणत नाही. उद्या भोंग्याला हार घालाल, परवा जत्रा.”

“जत्रा भरली त शेंगदाण्याचं दुकान मी लावतो,” कवडूजी म्हणाले, आणि दोघं पहिल्यांदाच मिळून हसले.

घरी येताना मला वाटत होतं, दोघांनाही मी पुरून उरले. एकाला हवा तो मंत्र मी म्हणत नाही, दुसऱ्याला हवा तो कोरडेपणाही मी पत्करत नाही. आपण आपली तिसरी वाट काढली. असा एक ताठा चालताना पाठीत आला होता. तो चंद्रकलाच्या दारापर्यंत टिकला.

ती उंबऱ्यावर बसली होती. सौंसरच्या पाहुण्यांचा निरोप आला होता. मुलगी पसंत आहे, पण बाप जिनमध्ये पिऊन आला होता आणि नशेत पट्ट्यात गेला असं कळलं, तेव्हा घरात विचार करावा लागेल.

चंद्रकला मला म्हणाली, “त्यानं जिंदगीत थेंब नाई घेतला. तुमाले मालूम हाये. कागदावर नशा लिवली हाये काय बाई? तुमीच त वाचला होता.”

अपघाताच्या जांचेचा, म्हणजे सरकारी चौकशीचा, तो हिंदी कागद मी पुन्हा वाचला. ‘मृतक की स्वयं की लापरवाही।’ दोन वर्षांपूर्वी मी त्याचं मराठी ‘थोडा बेसावधपणा’ असं करून तिला सांगितलं होतं. शब्द मऊ केला होता. तो गावागावांतून फिरत गेला आणि नशा होऊन तिच्या दारी परत आला.

आता ते लिहिते, जे मी माझ्या वहीतही कधी लिहिलं नाही. हे पत्र तिथे दुसरं कोणी उघडत असेल तर उघडो.

तुम्ही त्या चौकशीतल्या बयानात सांगितलंत: भोंगा झाल्यावर घंटा वाजवली, बोगद्याच्या तोंडाशी जाऊन तीनदा हाक दिली, डोकावून पाहिलं, मगच बटण दाबलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीत तोंड धुताना तुम्ही मला सांगितलंत: घंटा वाजवली नाही, हाक दिली नाही, डोकावलो नाही. मुकादम घाई करत होता, भोंगा झाला आणि बटण दाबलं. तो वर आला असेल असं वाटलं.

मी रोज ज्या बाईच्या शेजारी बसते, तिला हे माहीत नाही. मला माहीत आहे. दोन हंगाम मी हे पोटात ठेवून तिच्या श्वासात श्वास मिसळत होते, आणि वर तुम्हाला लिहीत होते की मी माझ्यापेक्षा मोठ्या कशात तरी जाऊन आले. ते मोठं खरं होतं का, हे मला आज सांगता येत नाही. खोटं होतं असंही म्हणवत नाही. पण त्यात मी लपून बसत होते एवढं दिसतं. तुम्ही चिवरात लपलात, मी भोंग्यात.

तुम्ही इथे येऊन तिला सांगा. पौर्णिमेला एकोणीस दिवस आहेत. जिनचा हंगामही सत्तावीस तारखेला संपतो. मी आठवडाभर वाट पाहते.

प्रमिला

—

पांढुर्णा
२२ एप्रिल १९८५

गुणवंत यांस,

तुमचं कार्ड आलं. ‘मागचं सारं सोडून देणं हाच मार्ग आहे, तूही सोड.’ दोन ओळी.

काल मी चंद्रकलाला सांगितलं.

रविवार म्हणून जिन बंद होती. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. वंदना बोरगावला मामाकडे गेली होती. मी घरून चार वाक्यं तयार करून नेली होती, ती सगळी विसरले. सरळ म्हणाले, “चंद्रकला, त्या दिवशी घंटा वाजली नव्हती.”

तिला आधी समजलंच नाही. “कोनती घंटी?”

“बोगद्यातल्या माणसासाठी वाजवतात ती. यांनी ती वाजवली नाही. हाकही दिली नाही. बयान खोटं होतं. श्रावणची चूक नव्हती.”

तिने हातातल्या मिरच्या खाली ठेवल्या. एकेक करून, सुतळीवर लावल्यासारख्या सरळ ठेवल्या. मग तिने जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

“बोगद्यात भोंगा ऐकू येते काय बाई?”

मी सांगितलं, की खाली नीट येत नाही, म्हणूनच घंटेची पद्धत. खालचे लोक घंटेवरच वर येतात.

“म्हंजे तो घंटीची वाट पाहून राहिला होता.”

मी मान हलवली.

“आन् मी दोन वर्स भोंगा ऐकून राहिली. मले वाटे, त्यानं शेवटी हेच ऐकलं असन, आपूनही ऐकाव. त्यानं त ऐकलाच नाई.” मग ती म्हणाली, “तुमाले कधीपासून मालूम हाये?”

“तिसऱ्या दिवसापासून.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी ‘माफ कर’ असं काहीतरी सुरू केलं. ती म्हणाली, “थे राहू द्या. थे तुमच्या कामाचं हाये, माह्या नाई. शनिवारी शेवटचा भोंगा हाये. सौंसरच्या पाव्हन्या बाईले मी बोलावते, कवडूजीले बोलावते. जे मले एकटीले सांगतलं थे त्याइच्यासमोर सांगा. माह्या पोरीच्या बापाले लोकं बेवडा म्हनून राहिले.”

“सांगेन.”

“आन् आता जा बाई. मिरच्या राहिल्या हायेत.”

मला अजून एक गोष्ट तुमच्याशी बोलायची आहे. मोरीपाशी तुम्ही मला सांगितलंत तेव्हा तुमचे हात ओले होते. तुम्ही म्हणालात, चौकशीच्या कचेरीत जाऊन खरं सांगून येऊ का? त्यावर मी काय म्हणाले ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. मी म्हणाले, “बयान दिलं ना आता? झालं. आपलं घर पाहा.” तुम्ही टॉवेलनं हात पुसले आणि तो विषय संपला. ते वाक्य माझं आहे. मला वाटायचं तुम्ही मला सोडून गेलात. आता वाटतं, तुम्हाला त्या सकाळी मीच घराबाहेर काढलं, फक्त तुम्हाला चालू लागायला दोन वर्षं लागली.

शनिवारी सहा बायकांसमोर आणि पाहुण्यांसमोर मी तोंड उघडलं की ते बसणं मोडेल, हे मला दिसतं आहे. आयुष्यात मला एकच जागा अशी सापडली की जिथे काही मानावं लागत नाही आणि काही नाकारावंही लागत नाही. ती मी माझ्या हातानं घालवणार आहे. या विचारानं जेवण जात नाही. आणि हेही लिहून ठेवते, की काल संध्याकाळी मी एक पळवाट शोधली होती: शनिवारी ताप आला तर? अंगाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

प्रमिला

—

पांढुर्णा
रविवार, २८ एप्रिल १९८५

गुणवंत यांस,

काल झालं.

खोलीत आम्ही सात जणी, सौंसरची पाहुणी लीलाबाई, म्हणजे मुलाची आई, आणि दारात कवडूजी. लीलाबाई भारी पातळ नेसून आल्या होत्या आणि त्यांना वाटत होतं की ही काही पूजा आहे. त्यांनी विचारलं, “फोटो कोनता ठेवता तुमी?” कलाबाई म्हणाली, “फोटो नाई, परसाद नाई. चूपचाप बसाचं आन् घरी जाचं. सस्तं काम हाये.” एक-दोघी हसल्या. चंद्रकला हसली नाही. ती मला म्हणाली, “बोला बाई.”

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मी उभी राहिले. शाळेत उभी राहते तशी, हात मागे बांधून. बयानात काय होतं ते सांगितलं, खरं काय होतं ते सांगितलं. श्रावणनं दारू कधी घेतली नाही हे सांगितलं. मोरीपाशी मी काय बोलले तेही सांगितलं. आवाज कापरा झाला नाही, याचं मला स्वतःला आश्चर्य वाटलं आणि थोडी घृणाही वाटली.

लीलाबाईंनी विचारलं, “मंग कागदावर तसं काहून लिवलं?”

“माझ्या नवऱ्यानं खोटं सांगितलं म्हणून. आणि मी गप्प राहिले म्हणून.”

कवडूजी दारातून म्हणाले, “बाई, तो आता चिवरात हाये. समाजाची इज्जत हाये. हे घरात बसून बोलता आलं असतं.”

“घरातच बोलून राहिली थे,” चंद्रकला म्हणाली. “माह्या घरात.”

कवडूजी गेले. आमच्यातली एक जण उठून गेली, तिच्या मागून दुसरी. मी बसावं की निघावं ते मला कळेना. कलाबाईनं माझं पातळ धरून खाली ओढलं. “खडी काहून हायेस? बस.” ती मला पहिल्यांदाच एकेरीत बोलली.

तेवढ्यात भोंगा झाला. हंगामातला शेवटचा. आणि चंद्रकला उठली. इतक्या दिवसांत ती भोंगा चालू असताना कधी जागची हलली नव्हती. तिने पदर खोचला, आमच्या पायांवरून वाट काढली आणि बाहेर पडली. आम्ही चौघी आणि लीलाबाई, जिच्यासाठी बसायचं तिच्याच घरात तिच्याशिवाय बसलो. भोंगा थांबला. घरघर सुरू झाली. कोणी उठलं नाही. मला वाटतं पाऊण तास झाला असेल. लीलाबाईही हलल्या नाहीत, फक्त मध्येच त्यांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

मी तुम्हाला चाळीस सेकंदांबद्दल मोठं लिहिलं होतं. त्या पाऊण तासात तसं काही झालं नाही. भीती होती. माझा श्वास माझाच होता आणि तो मला नकोसा होता. तरी तिथून उठून कुठे जावं असं मला वाटलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मी अख्खी होते.

चंद्रकला परत आली तेव्हा पाय धुळीनं भरले होते. जिनच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली होती. चौकीदाराला तिने म्हटलं, आत घंटी कुठं टांगली हाये, मले दाखव. त्यानं दाखवली. “लहान हाये,” ती आम्हाला म्हणाली. “शाळेतल्यासारखी.” मग लीलाबाईंकडे वळून म्हणाली, “ऐकलं ना? आता तुमच्या मनाले येईन तसं करा.” लीलाबाई म्हणाल्या, घरी सांगते. काय करतील ते मला माहीत नाही. जाताना त्यांनी, बोरगावहून परतून अंगणात उभ्या असलेल्या वंदनाच्या डोक्यावर हात ठेवला, यावरून मी काही धरून चालत नाही.

आता कागदांचं.

आईंचा अंगठा सोबत आहे. तो अडवण्याचा मला अधिकार नव्हता.

दुसऱ्या कागदावर ‘आमची हरकत नाही’ असं छापलं आहे. ते मी खोडलं आहे आणि खाली लिहिलं आहे: ‘माझी हरकत आहे. हे माझ्या दुःखापोटी नाही. नवरा गेल्याचं दुःख मी सोसू शकते. ज्या माणसाचं एक बयान सौंसरच्या कचेरीत खोटं पडून आहे, त्यानं सारं सोडलं असं मी लिहून देऊ शकत नाही.’ खाली सही आणि तारीख. हा कागद तुम्ही भन्तेजींना वाचून दाखवा किंवा दाखवू नका. ते तुमचं.

मी स्वतःचं बयान हिंदीत लिहून काढलं आहे. त्यात तुमचं नाव आहे, माझंही आहे. उद्या सोमवारी पहिल्या बसनं सौंसरला जाऊन ते देणार. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा मी परत आलेली असेन. कचेरी तुम्हाला बोलावील. चिवर घालून आलात तरी चालेल, पांढऱ्या शर्टात आलात तरी चालेल. तुम्ही कसं राहावं यावर माझं काही म्हणणं उरलेलं नाही. तुम्ही चंद्रकलासमोर उभं राहावं, एवढंच आहे.

आज रविवार. कालच हंगाम संपला, आता नोव्हेंबरपर्यंत काही वाजणार नाही. तरी सव्वा वाजता माझे पाय तिकडे वळले. दार लोटलेलं होतं. मी हाक दिली. आतून चंद्रकला म्हणाली, “आत नका येऊ बाई.”

मी वळले.

“जा म्हटलं नाई मी,” ती म्हणाली. “बाहेरच बसा.”

मी उंबऱ्याबाहेर, उन्हात, दाराला टेकून बसले. काही वेळानं दाराची फळी माझ्या पाठीशी किंचित हलली. तिनंही आतून पाठ टेकली होती. रस्त्यानं कवडूजी गेले, त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ऊन चटके देत होतं. आम्ही दोघी तशाच बसलो होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही, कारण संपल्याचं सांगायला भोंगा नव्हता.

प्रमिला